हत्ती पाहणे आणि हत्तीला दिसणे

(महाळुंगे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



इथं येताना चाकणच्या चौकात आमची गाडी बराच वेळ अडकली. तुम्हाला त्यात नवीन काही नाही. वेळ जावा म्हणून मी हत्ती मोजत बसलो. सिग्नलपर्यंत सात भरले. हसू नका, मी 'छोटा हत्ती' म्हणतोय. २००५ साली टाटा एस बाजारात आली आणि लोकांनी तिला हे नाव दिलं. आज आपल्या या पट्ट्यात कुणी म्हणालं, 'सकाळी दोन हत्ती पाठवतो', तर कुणी दचकत नाही.

मला हे नाव आवडतं, कारण हत्ती म्हटल्यावर आपल्या मनात काय येतं ते त्यात अचूक पकडलंय. ओझं वाहणारा, आपल्या कामाचा. आपल्या म्हणी बघा. आनंद झाला की आपण हत्तीवरून साखर वाटतो. परवडेनासं झालं की पांढरा हत्ती पोसतो. इथून जवळच भामचंद्राचा डोंगर आहे. तिथं चिंतन करणाऱ्या तुकोबांच्या अभंगात ऐरावत येतो, तोही अंकुशाचा मार सोसत येतो. भोंडल्याचा हत्ती पाटावर असतो, गणपती मखरात. सगळीकडे हत्ती कुणाचा तरी आहे. माहुताचा, राजाचा, देवाचा. कुणाचाच नसलेला, रानात आपल्या कामात असलेला हत्ती आपल्या रोजच्या मराठीत जवळजवळ नाहीच.

आणि आता आपण सुट्टी काढून, पैसे खर्चून तोच हत्ती बघायला जातो. चांगली गोष्ट आहे. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे मला साधी गोष्टही सरळ दिसत नाही, ही माझी अडचण आहे. माझा आजचा प्रश्न असा: जंगली हत्ती पाहायला गेलेला प्रवासी नेमकं काय पाहून येतो?

सहा आंधळे आणि हत्ती ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला तो सुपासारखा वाटतो, कुणाला खांबासारखा, कुणाला दोरीसारखा. जैन परंपरेत अनेकान्तवाद समजावताना ती सांगतात. बौद्धांच्या 'उदान' ग्रंथातही ती आहे. तिथं श्रावस्तीचा राजा जन्मांध माणसांना एकत्र आणवतो आणि त्यांना हत्ती दाखवायला सांगतो. सत्याचा एकेक तुकडा प्रत्येकाच्या हाती लागतो, असा आपण बोध घेतो. मीही वर्गात वर्षानुवर्षं तेच शिकवलं. एक प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला. इतकी माणसं अंगाला चाचपताहेत, कुणी शेपूट ओढतंय, कुणी कान, आणि हत्ती गप्प उभा कसा? उत्तर सोपं आहे. तो राजाच्या हत्तीखान्यातला आहे, पाळलेला. रानातल्या हत्तीनं ही गोष्ट सुरूच होऊ दिली नसती.

म्हणजे जंगली हत्तीच्या बाबतीत एक अट आधीच ठरलेली आहे. तुम्ही पाहता, तेव्हा तोही तुम्हाला पाहतो. खरं तर आधी हुंगतो. आणि तुमची चाहूल लागली की तो बदलतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, फजितीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जण कर्नाटकातल्या एका जंगलात सफारीला गेलो होतो. वळणावर एक हत्तीण आणि तिचं पिल्लू गवत खात होतं. आमच्यातला एक जण म्हणाला, 'जरा जवळ घ्या ना'. चालकानं गाडी पुढे घेतली. अजून थोडी घेतली. मी काही बोललो नाही. मलाही जवळून बघायचं होतं. हत्तिणीचं खाणं थांबलं. पिल्लू तिच्या पोटाखाली गेलं. तिनं कान पसरले, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि एकदम दहा-बारा पावलं धावून आली. चालकानं गाडी मागे घेतली म्हणून मी आज इथं उभा आहे.

रात्री जेवताना सगळे मोबाइलवर तेच बघत होते. 'काय भारी दिसली!' मी विचार करू लागलो, आपण काय पाहिलं? हत्ती कसा जगतो ते पाहिलं का? ती काय खात होती, कसं खात होती, पिल्लाशी कशी वागत होती, यातलं काही मला सांगता येईना. आम्ही एक घाबरलेली आई पाहिली होती, आणि तिला घाबरवलं आम्हीच होतं. शंभर किलोमीटर लांब जाऊन आम्ही आमचाच परिणाम बघून आलो होतो.

दुसऱ्या वेळी मी काबिनीला गेलो. नागरहोळे आणि बंडीपूर या दोन जंगलांच्या मध्ये काबिनी नदीवरच्या धरणाचा जलाशय आहे. उन्हाळ्यात, मार्च ते मे, पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर कोवळं गवत येतं. आजूबाजूचं रान तेव्हा वाळलेलं असतं, पाणवठे आटलेले असतात. म्हणून हत्तींचे कळप त्या काठावर उतरतात. आशियाई हत्ती एकत्र जमण्याच्या मोठ्या जागांपैकी ही एक. श्रीलंकेत मिन्नेरियाच्या तलावाकाठी असंच होतं, फक्त महिने वेगळे. गंमत बघा, दोन्ही जलाशय माणसानं केलेले. 'नैसर्गिक अधिवास' हा शब्द आपण फार सहज वापरतो, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तर काबिनीला आम्ही लांब थांबलो होतो, इंजिन बंद. पाऊण तास काहीही घडलं नाही. म्हणजे हत्ती गवत खात होते. आणि हळूहळू ते खाणं मला दिसायला लागलं. गवत आखूड असलं की हत्ती पुढच्या पायाच्या नखांनी ते खरवडून सैल करतो, सोंडेनं जुडी गोळा करतो, आणि तोंडात घालण्याआधी पायावर आपटून माती झाडतो. आपण मेथीची जुडी झटकतो ना, तसं. एक लहान पिल्लू तेच करायला बघत होतं, पण त्याला सोंड नीट वळवता येत नव्हती. जुडी पडायची. मग ते सरळ आईच्या तोंडातलं गवत ओढायचं. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एकच उंचवटा असतो, आफ्रिकी हत्तीला दोन. त्या एका 'बोटा'चा सराव पिल्लाला कितीतरी महिने करावा लागतो.

मोठा हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलो चारा खातो आणि त्यासाठी सोळा-अठरा तास घालवतो. म्हणजे हत्तीचं जगणं पाहायचं असेल तर त्याचं खाणं पाहावं लागेल. आपल्याला वाटतं, 'काहीच घडलं नाही'. अहो, तेच तर घडत असतं.

यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. हत्ती जे करत होता तेच करत राहिला, तर माझं अंतर बरोबर आहे. त्यानं माझ्यामुळे काम सोडलं, तर मी नको तितका जवळ आहे. हे मीटरमध्ये मोजायचं अंतर नाही. पिल्लू असलेल्या कळपासाठी ते जास्त, वाऱ्याची दिशा बदलली की पुन्हा वेगळं. हत्ती स्वतःच ते सांगतो. एरवी कान सतत हलत असतात, त्यानं त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडते. कान हलायचे थांबले आणि पसरले, की त्याचं तुमच्याकडे लक्ष गेलंय. सोंड वर वळवून तुमच्या दिशेला धरली, की तो तुमचा वास घेतोय. कळप एकमेकांना चिकटला, पिल्लं आत गेली, की काळजी वाढली. डोकं झटकलं, माती उडवली, पुढचा पाय अधांतरी झुलवला, की तुम्ही निघायची वेळ झाली. नराच्या डोळा आणि कानाच्या मध्ये गालावरून काळपट ओघळ दिसला, तर तो मदात आहे. तिथं थांबूच नका. एवढं धूड पळणार किती, असं कुणाला वाटेल, तर हत्ती ताशी २५ किलोमीटरच्या आसपास धावू शकतो. तुम्ही-आम्ही चढणीवर ते करून दाखवावं!

आता तत्त्वज्ञानाकडे थोडं वळतो, घाबरू नका. याकोब फॉन युक्सक्युल नावाचा जीवशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचं म्हणणं, प्रत्येक प्राण्याचं जग वेगळं असतं. एकाच रानात गोचिडीचं एक रान असतं, हरणाचं दुसरं. पुढे १९७४ मध्ये टॉमस नेगल यानं एका प्रसिद्ध निबंधात विचारलं, की वटवाघूळ असणं हे वटवाघळाला कसं वाटत असेल? त्याच्या शरीराची सगळी माहिती मिळवली तरी हे आतून कळणार नाही, असं त्याचं उत्तर होतं.

हत्तीबद्दल हे फार खरं आहे. १९८४ साली केटी पेन ही संशोधक अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसली होती. तिला हवेत एक धडधड जाणवली, कानाला ऐकू न येणारी. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचे खालचे स्वर अंगाला जाणवतात, तशी. नंतर ध्वनिमुद्रणातून सिद्ध झालं की हत्ती आपल्या कानाच्या मर्यादेखालच्या आवाजात बोलतात. आपल्याला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, हत्तींचं बोलणं त्याच्याही खाली जातं आणि असे आवाज लांबवर पोचतात. म्हणजे काबिनीच्या काठावर मी ज्याला शांतता समजत होतो, तिथं कदाचित गप्पा रंगल्या असतील. आंधळ्यांच्या गोष्टीत आपण स्वतःला नेहमी डोळस राजाच्या जागी ठेवतो. इथं आपण चाचपणाऱ्यांतले आहोत.

कळपाची प्रमुख असते एक वयस्कर हत्तीण. पाणी कुठं, वाट कुठली, धोका कुठला, हे तिच्या आठवणीत असतं. टांझानियातल्या तारंगिरे इथं १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. ज्या कळपांमध्ये वयस्कर माद्या होत्या आणि ज्यांनी पूर्वीचा दुष्काळ पाहिलेला होता, त्यांची पिल्लं जास्त वाचली, असं अभ्यासात दिसलं. ते आफ्रिकी हत्ती, पण कुटुंबाची रीत आपल्या हत्तींमध्येही मिळतीजुळती आहे. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माणसाला हा अभ्यास विशेष पटतो, एवढं कबूल करतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. काबिनीला जायचं कशाला, हत्ती आपल्याकडेच आले आहेत. २००२ साली कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात उतरले. पुढे कोल्हापूरच्या चंदगड, आजरा भागातही दिसू लागले. २०२१ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या टोकाला, छत्तीसगडमधून वीसेक हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'हत्तींची घुसखोरी'. धरणं, खाणी, रस्ते यांनी जंगलाचे तुकडे झाले आणि हत्ती नव्या वाटा शोधू लागले, हे तर आहेच. पण कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. कुठल्या प्रदेशातले हत्ती चांगले, याची प्रतवारी तिथं आहे. कलिंग आणि अंग इथले उत्तम, आणि मध्यम प्रतीत 'अपरान्त' आहे. अपरान्त म्हणजे आपलं कोकण. मग २००२ साली हत्ती आले म्हणायचं, की परत आले म्हणायचं? घुसखोर कोण, हे तुम्ही पंचांग कुठल्या सालचं उघडता त्यावर ठरतं.

पण ही शाब्दिक कसरत मी एका ठिकाणी करू शकलो नाही. तिलारीच्या खोऱ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गाव आहे. तिथं मी दोन रात्री राहिलो, मनात अर्थातच हत्ती दिसावा ही इच्छा. मध्यरात्री बागेकडून कडाड असा आवाज आला. मी उठून दाराकडे निघालो, तर विद्यार्थ्याच्या वडिलांनी हात धरून बसवलं. सकाळी बघितलं. दोन माड आडवे, केळी तुडवलेल्या, पोफळी मोडलेल्या. हत्ती माड ढकलून पाडतो आणि शेंड्यातला कोवळा गाभा खातो, बाकी झाड तसंच टाकतो. माड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. मी वाकून पावलाचा ठसा बघत होतो. ठशाच्या घेराच्या दुप्पट केलं की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते, म्हणून मी मोजायला लागलो. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'सर, तुमी हत्ती बघूक इलास. आमी तो कधी जाता त्येची वाट बघतंव.'

मी टेप खिशात ठेवली. ज्याला मी 'नैसर्गिक अधिवास' म्हणत होतो, ती त्यांची परसबाग होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच दोडामार्ग तालुक्यात, मोर्ले गावी, एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

त्याच वर्षी 'ओंकार' नाव मिळालेला एक तरुण नर दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या पेडणे भागात फिरत होता. नदीत उतरलेल्या त्या हत्तीच्या दिशेनं फटाके फेकल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. त्याला पकडायचं की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे गेला. तुम्ही म्हणाल, सर, यात प्रवाशाचा काय संबंध? संबंध आहे. हत्ती दिवसा बांबूच्या बेटात, सावलीत विसावतो आणि रात्री चरायला निघतो. दिवसा त्याच्याभोवती गर्दी जमली, मोबाइल, आरडाओरडा, हॉर्न, की तो तिथून उठतो. उठून कुठं जाणार? पुढच्या वाडीत. ज्यानं फोटो काढला तो संध्याकाळी घरी पोचतो. बिथरलेल्या हत्तीशी रात्री गाठ पडते ती बॅटरी घेऊन भातशेती राखणाऱ्या माणसाची. म्हणजे बघण्याची मौज एकाची, किंमत दुसऱ्याच्या नावावर. मला वाटतं, पाहण्याचं नीतिशास्त्र इथून सुरू होतं. 'मी कुणाला इजा केली नाही, फक्त बघितलं', हे वाक्य दर वेळी खरं नसतं.

आणि हे तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या खेड तालुक्यात, शेजारी जुन्नर-आंबेगावात, उसात बिबट्या आहे. बिबट्या दिसला की गाड्या थांबतात, माणसं जमतात, ऊस वेढला जातो. त्या गर्दीतून पळालेला बिबट्या रात्री कुणाच्या गोठ्याशी जातो, हे गोठेवाल्याला विचारा. हत्ती मोठा आहे, एवढाच फरक.

शेवटी समोरून एका तरुणानं विचारलं, 'सर, मग आम्ही जायचं की नाही? कंपनीतून वर्षात कशीबशी चार दिवसांची सुट्टी मिळते.'

जा. जरूर जा. भारतात आज सुमारे २२ हजार जंगली हत्ती आहेत. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनएवर आधारित गणनेचा हा आकडा. कर्नाटकात सगळ्यांत जास्त. ज्यांना हत्ती ठाऊकच नाही ते त्याच्या वाटा राखण्यासाठी बोलणार नाहीत, म्हणून जायला हवं. पण वनखात्याची परवानगी असलेल्या वाटांवर, त्यांच्या गाडीतून किंवा बोटीतून जा. उन्हाळा निवडा, पाणवठा निवडा. चालकाला निघतानाच सांगा, 'आम्हाला जवळ नको, वेळ हवा.' त्याला वाटत असतं, जवळ नेलं तरच गिऱ्हाईक खूश होतं. हे त्याला आपणच शिकवलंय, आपणच विसरायला लावू शकतो. दोडामार्ग-चंदगडला निघाला असाल तर हत्तीमागे फिरू नका. तिथं माणसांना भेटा, पडलेला माड बघा, भरपाई वेळेवर मिळते का ते विचारा. हत्ती पाहण्याचा तोही एक भाग आहे. आणि जिथं दिसला ते ठिकाण लगेच मोबाइलवरून जगाला कळवू नका.

परत आल्यावर घरचे विचारतील, 'मग, हत्ती दिसला का? काय केलं त्यानं?' तेव्हा 'आमच्या अंगावर आला' असं सांगावं लागलं, तर तुमचं काहीतरी चुकलं. 'गवत खात होता, तासभर', असं सांगता आलं, तर समजा की तुम्हाला हत्ती दिसला.